उष्ण हवेच्या साहाय्याने कवचित विद्युत्-तारेची सोल्डर-जोडणी : तत्त्व, कृती आणि मर्यादा

बीजसंज्ञा : कवचित तार, सोल्डर-स्लीव्ह, हीट गन, उष्णतासंकोची नळी, भूजोडणी, झाळण

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सूक्ष्म विद्युत्-संकेत मोजण्याचे प्रसंग आता केवळ भौतिकशास्त्र विभागापुरते राहिलेले नाहीत. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हृदयाचा विद्युत्-आलेख पाहावयाचा असतो, रसायनशास्त्रात पीएच मापकाचा काच-इलेक्ट्रोड असतो, भूगोल विभागाच्या हवामान केंद्रात तापमापक संवेदक गच्चीवरून खोलीपर्यंत तारेने जोडलेला असतो आणि सभागृहातील ध्वनिक्षेपकाची तक्रार तर सर्वच विभागांची असते. या सर्व ठिकाणी एक समान अनुभव येतो. उपकरण उत्तम, संवेदक उत्तम, परंतु पडद्यावर हव्या त्या संकेतावर एक नियमित लाट स्वार झालेली दिसते किंवा ध्वनिक्षेपकातून अखंड गुणगुण ऐकू येते. दोष बहुधा उपकरणास दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो तारेच्या टोकाशी, धातूच्या जाळीची जेथे भूजोडणी व्हावयास हवी होती, त्या एका सेंटिमीटरमध्ये असतो.

ही जोडणी करण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी सोल्डरची कडी आतच बसविलेली उष्णतासंकोची नळी, म्हणजे व्यवहारातील 'सोल्डर-स्लीव्ह', आणि ती तापविण्यासाठी वापरली जाणारी 'हीट गन' यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विमानांच्या तारजोडणीत ही पद्धत अनेक दशके रूढ आहे. अलीकडे अशा नळ्या बाजारात अल्प किमतीत मिळू लागल्याने त्या हौशी मंडळींच्या व महाविद्यालयीन कार्यशाळांच्या हातीही आल्या आहेत. वापर वाढला, परंतु त्यामागील तत्त्वाची जाण त्या प्रमाणात वाढली नाही, असे म्हणावे लागते.

कवच कशासाठी?

कवचित तारेत मधोमध एक किंवा अधिक वाहक, त्यांभोवती निरोधक आवरण, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर बाह्य आवरण अशी रचना असते. जाळीच्या तांब्यावर बहुधा कथिलाचा मुलामा असतो. घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तोच हा प्रकार होय. अधिक तापमानात वापरावयाच्या तारांत हा मुलामा चांदीचा किंवा निकेलचा असतो.

जाळी नसेल तर काय होते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. भिंतीतील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीजवाहिनी आणि आपली संकेततार यांच्यामध्ये अवघी १ पिकोफॅरड धारकता आहे असे मानू. एवढी धारकता केवळ जवळपणामुळेही निर्माण होते. त्या धारकतेतून सुमारे ७२ नॅनोअँपिअर प्रवाह संकेततारेत शिरेल. हा प्रवाह अत्यल्प वाटतो. परंतु संकेताच्या उगमाचा रोध १० लक्ष ओहम असेल, तर त्याच प्रवाहामुळे ७२ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. हृदयाच्या आलेखातील संकेत १ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे गोंगाट आणि संकेत यांचे प्रमाण किती विषम आहे याची कल्पना यावी.

भूजोडणी केलेली जाळी हा प्रवाह स्वतःकडे घेते आणि जमिनीकडे वाहून नेते. आतील वाहकापर्यंत तो पोहोचतच नाही. येथे 'भूजोडणी केलेली' हे विशेषण महत्त्वाचे आहे. अधांतरी ठेवलेली जाळी बाहेरचा दाब एका बाजूने घेते व दुसऱ्या बाजूने आतील वाहकास देते. तिच्यावर खर्च केलेले तांबे वाया गेले असेच समजावे. अर्थात जाळी हे सर्व रोगांवरील औषध नाही. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रास तांब्याची पातळ जाळी फारशी अडवू शकत नाही; तेथे दोन वाहकांना एकमेकांभोवती पीळ देणे हाच उपाय परिणामकारक ठरतो. जाळी एका टोकाशी जोडावी की दोन्ही, हा वादही जुना आहे. अल्प वारंवारतेच्या संकेतांत दोन्ही टोके जोडल्यास भूजोडणीचे वर्तुळ पूर्ण होऊन नवा गोंगाट शिरतो, म्हणून एकच टोक जोडतात. उच्च वारंवारतेस मात्र दोन्ही टोके जोडणे आवश्यक ठरते. कोणत्याही पक्षाचा स्वीकार केला तरी निदान एक टोक तरी पक्के जोडावे लागतेच.

जुनी पद्धत आणि तिच्यातील अडचण

परंपरागत पद्धतीत बाह्य आवरण कापून जाळी टोकदार सुईने विंचरतात, सुट्या झालेल्या तारा एकत्र पिळून शेपटी करतात आणि तिला सोल्डरिंग आयर्नने दुसरी तार जोडतात. काही कारागीर जाळी न विंचरता तिच्यात छिद्र करून आतील वाहक बाजूने ओढून काढतात; ही युक्ती सुबक असून तिच्यात जाळीच्या तारा तुटत नाहीत. दोन्ही पद्धतींत खरी अडचण सोल्डर देतानाच उद्भवते. आयर्नचे टोक सुमारे ३५० अंश सेल्सिअसवर असते. जाळीच्या खाली लगेच आतील वाहकाचे निरोधक आवरण असते. ते पॉलिएथिलिनचे असेल तर ११०–१३० अंशांच्या सुमारासच वितळू लागते. आयर्न दाबून धरले की मऊ झालेल्या आवरणातून आतील वाहक सरकतो आणि जाळीस टेकतो. हा दोष बाहेरून दिसत नाही; कित्येकदा तो त्या वेळी असतही नाही, काही महिन्यांनी तार वाकविली गेली म्हणजे प्रकट होतो.

मराठीत सोल्डरिंगला 'डाख देणे' किंवा 'झाळणे' असे जुने शब्द आहेत, परंतु कार्यशाळेत 'सोल्डर मारणे' हाच प्रयोग ऐकू येतो. या क्रियापदातच दोषाचे बीज असावे असे कधी कधी वाटते. सोल्डर मारावयाचे नसते, त्याला वाहू द्यावयाचे असते. वितळलेले झाळण स्वच्छ व पुरेशा तप्त धातूवर आपोआप पसरते आणि तांबे व कथिल यांच्या सीमेवर दोहोंच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. खरा सांधा तो थर होय. तप्त झाळण थंड धातूवर ठेवले तर गोळा चिकटल्यासारखा दिसतो, सांधा मात्र होत नाही.

सोल्डर-स्लीव्हची रचना

सोल्डर-स्लीव्ह ही पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक, काही मिलिमीटर व्यासाची नळी असते. तिच्या मध्यभागी आतून झाळणाची एक कडी बसविलेली असते व त्या कडीबरोबर योग्य मात्रेत फ्लक्स असतो. कडीच्या दोन्ही बाजूंस, नळीच्या टोकांजवळ, उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकच्या दोन रंगीत कड्या असतात. काही नळ्यांत भूजोडणीची तार कारखान्यातच बसवून येते. तारेवर नळी सरकवायची आणि बाहेरून उष्ण हवा द्यायची. मग नळी आकसते, झाळण वितळून जाळीत झिरपते, कडेच्या कड्या वितळून दोन्ही तोंडे बंद करतात. झाळण, निरोधन आणि ओलाव्यापासून संरक्षण ही तिन्ही कामे एकाच क्रियेत होतात. झाळणाची व फ्लक्सची मात्रा कारागिराच्या हाती न राहता कारखान्यात ठरते, हा या रचनेचा सर्वांत मोठा लाभ आहे.

नळी आकसते याचे कारण रंजक आहे. पॉलिएथिलिनसारख्या बहुवारिकावर उच्च ऊर्जेच्या प्रारणांचा मारा केला असता त्याच्या लांबच लांब रेणुशृंखला एकमेकींशी आडव्या बंधांनी जोडल्या जातात. ब्रिटनमधील हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ च्या सुमारास या परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडवे बंध निर्माण झालेले प्लास्टिक तापविले तरी वितळून वाहत नाही, रबरासारखे मऊ होते. त्या अवस्थेत ते ताणून मोठे करावे व ताणलेल्या स्थितीतच थंड करावे. ताण त्यात गोठून राहतो. पुन्हा तापविले की आडवे बंध शृंखलांना मूळ जागी ओढतात आणि नळी आपल्या जन्मकाळच्या आकारास परत येते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९५७ साली पॉल कुक यांनी स्थापन केलेल्या रेकेम या कंपनीने या गुणधर्माचा औद्योगिक उपयोग केला आणि सोल्डर-स्लीव्ह हे त्याच कंपनीने रूढ केलेले उत्पादन होय. ती कंपनी १९९९ मध्ये टायको समूहात विलीन झाली व आज ही उत्पादने टीई कनेक्टिव्हिटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे आहेत. इलेक्ट्रॉन शलाकेच्या औद्योगिक उपयोगांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्याकडे नवी मुंबईतील खारघर येथे इलेक्ट्रॉन बीम सेंटर उभारले आहे, हेही या संदर्भात नोंदविण्याजोगे आहे.

दर्जेदार सोल्डर-स्लीव्हची बाह्य नळी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या बहुवारिकाची असते. येथे दोन तापमानांची सांगड लक्षात घेण्याजोगी आहे. हे बहुवारिक मूळ स्वरूपात सुमारे १७० अंशांस वितळते. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले झाळण १८३ अंशांस वितळते. म्हणजे आडवे बंध नसते तर झाळण वितळण्यापूर्वीच नळी वितळून ओघळली असती. बंधांमुळे ती १७० अंशांच्या पुढे वितळण्याऐवजी आकसू लागते, आणि झाळण द्रवरूप होते त्या क्षणी ती त्याच्यावर सर्व बाजूंनी दाब देत असते. वितळलेले झाळण जाळीच्या छिद्रांत दाबले जाते ते यामुळेच. ६३:३७ हे प्रमाणही सहेतुक आहे. या मिश्रधातूस मऊ, लगद्यासारखी मधली अवस्था नसते. तो एकाच तापमानास घनाचा द्रव व द्रवाचा घन होतो. थिजताना तार हलली तर सांधा भेगाळण्याचा धोका असतो आणि तो काळ जितका अल्प तितका उत्तम.

उष्णतेचा प्रवास

हीट गन म्हणजे मूलतः केस वाळविण्याच्या यंत्राची तापट भावंडे होत. आत रोध-तारेचे वेटोळे व मागे पंखा असतो. आपल्याकडे मिळणारी साधने बहुधा १५०० ते २००० वॅटची असतात आणि नळकांड्याच्या तोंडाशी हवेचे तापमान ३०० अंशांपासून ५०० अंशांच्या वरपर्यंत जाऊ शकते.

आता झाळणाची गरज किती, ते पाहू. ०.२ ग्रॅम झाळण ३० अंशांपासून १८३ अंशांपर्यंत तापविणे व वितळविणे यासाठी सुमारे १३ ज्यूल उष्णता पुरते. १५०० वॅटचे साधन एवढी ऊर्जा सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर टाकते. तरीही प्रत्यक्षात एका सांध्यास कित्येक सेकंद लागतात. कारण हवा ही उष्णतेची दुर्बळ वाहक आहे, नळीचे प्लास्टिक त्याहून फारसे चांगले नाही आणि जी उष्णता आत पोहोचते ती तांब्याची जाळी दोन्ही दिशांनी वाहून नेते. जाड जाळी असलेली तार म्हणजे एक लांब उष्णताशोषकच होय. म्हणून प्रश्न उष्णतेच्या मात्रेचा नसून ती कोठे आणि किती वेळ पोहोचते याचा आहे. नळीचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाकडे झपाट्याने सरकतो, जाळी मात्र मागे रेंगाळते. फार तप्त हवा दिली तर आतील धातू १८३ अंशांस पोहोचण्यापूर्वीच नळी करपते. फार सौम्य हवा दिली तर उष्णता हळूहळू तारेच्या लांबीवर पसरते, नको त्या ठिकाणचे आवरण मऊ होते आणि झाळण तसेच राहते. घाईत जसा दोष आहे तसा अतिसावधपणातही आहे.

यावर साधा उपाय म्हणजे परावर्तक तोंड. हा पत्र्याचा अर्धवर्तुळाकार चमचा गनच्या तोंडावर बसतो; नळीवरून पुढे गेलेली हवा त्यावर आपटून नळीच्या मागील बाजूस वळते. परावर्तक नसेल तर एका बाजूस नळी तपकिरी होते व दुसऱ्या बाजूस झाळणाच्या कडीला उष्णतेचा स्पर्शही होत नाही. ज्या कार्यशाळेत गन आहे आणि परावर्तक नाही तेथे तो प्रथम मागवावा. तार फिरवत राहणे हा पर्याय आहे खरा, पण वितळलेल्या अवस्थेत तार हलविणे इष्ट नाही.

प्रत्यक्ष कृती

तारेची निवड आधी तपासावी लागते. आवरण पीव्हीसीचे असेल तर ही पद्धत शक्यतो टाळावी. १८३ अंशांच्या झाळणासाठी तारेचे आवरण किमान १२५ अंशांच्या कायम वापरास योग्य असावे, असा संकेत पाळला जातो. पीटीएफई, ईटीएफई किंवा आडवे बंध असलेल्या बहुवारिकाच्या आवरणास अडचण येत नाही. जाळी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची असेल तर त्यावर नेहमीचे झाळण धरतच नाही; अशा तारेत पत्र्यास लागून एक उघडी तार सोबत दिलेली असते, तिलाच जोडणी करावी. निकेलच्या मुलाम्यावर सौम्य फ्लक्स पुरेसा पडत नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारची नळी लागते.

बाह्य आवरण कापताना पात्याचा स्पर्श जाळीस होऊ देऊ नये. जाळीच्या तुटलेल्या बारीक तारा पुढे नळीस भोसकतात किंवा आतील वाहकाकडे वळतात. सामान्यतः सहा ते आठ मिलिमीटर जाळी उघडी ठेवली जाते. नळीच्या दोन्ही टोकांच्या बंदकड्या मात्र आवरणावर यायला हव्यात, उघड्या जाळीवर नव्हे. भूजोडणीच्या तारेचेही तेवढेच टोक सोलून जाळीवर समांतर ठेवावे. झाळणाची कडी उघड्या जाळीच्या बरोबर मध्यावर आली आहे याची खात्री नळीतून पाहूनच करता येते.

गन सुरू करून तिला स्थिर तापमानास येऊ द्यावे आणि मग प्रथम मध्यभागी, म्हणजे झाळणाच्या कडीवर, हवा द्यावी. नळी आकसते तेव्हा काम झाले असे वाटते. तो भ्रम होय. नळीचे आकसणे झाळण वितळण्याच्या आधी घडते. कडीची धारदार कड नाहीशी होऊन झाळण चकचकीत होते आणि जाळीत पसरते, तो क्षण पाहावा लागतो. काही नळ्यांत फ्लक्सला रंग दिलेला असतो व योग्य तापमानास तो लोपतो, त्यामुळे निर्णय सोपा होतो. त्यानंतर हवा दोन्ही टोकांकडे नेऊन बंदकड्या वितळू द्याव्यात. अखेरीस गन दूर करून सांधा थिजेपर्यंत तार अजिबात हलवू नये.

विद्यार्थी बहुधा टोकांकडून प्रारंभ करतात, कारण तेथे आकसणे डोळ्यांस ठळक दिसते. टोके आधी बंद झाली की फ्लक्सची वाफ व हवा आत कोंडते आणि झाळणात पोकळ्या राहतात. वरील क्रम त्यासाठीच आहे.

सांध्याचे परीक्षण

नळी पारदर्शक असण्याचा हेतू सौंदर्याचा नव्हे, परीक्षणाचा आहे. कडीचा मूळ आकार कोठेही ओळखू येत असेल तर सांधा अपुरा तापला आहे. असा सांधा पुन्हा तापवून सुधारता येतो. झाळण पूर्ण वाहिलेले, भूजोडणीची तार व जाळी यांच्यामध्ये अंतर्वक्र उतार तयार झालेला, तारांची रूपरेषा झाळणातून किंचित उमटलेली आणि नळीवर फार तर हलकी तपकिरी छटा, अशी स्थिती ग्राह्य होय. झाळण जाळीतून दूर ओढले जाऊन मधली जागा कोरडी पडली असेल, नळी इतकी काळवंडली असेल की आतले दिसत नाही, किंवा नळीबाहेरील आवरण फुगले वा ओघळले असेल तर सांधा अतितप्त आहे. त्यावर इलाज नाही, तो कापून नवा करावा लागतो. दिसत नाही म्हणून चांगले समजावे, हा युक्तिवाद या क्षेत्रात मान्य होत नाही.

विमान व अवकाश क्षेत्रात या नळ्यांसाठी एएस ८३५१९ हे प्रमाणक वापरले जाते, तर तारजोडणीच्या कारागिरीसाठी आयपीसी व डब्ल्यूएचएमए यांचे ए-६२० हे प्रमाणक २००२ पासून उपलब्ध आहे. महाविद्यालयात ही प्रमाणके विकत घेणे कदाचित शक्य होणार नाही, परंतु त्यांतील मूळ भूमिका, म्हणजे सांध्याचा न्याय डोळ्यांनी व निश्चित निकषांनी करणे, ही तर विनामूल्य आहे.

विद्युत्-परीक्षणात साध्या मल्टिमीटरवर फार भिस्त ठेवू नये. त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध ओहमच्या काही दशांशांएवढा असतो. एकाच तारेच्या टेकण्याने तगलेला सांधाही त्यावर 'जोडलेला' म्हणून उत्तीर्ण होतो. चार तारांच्या पद्धतीने मिलिओहम मोजता आले तर उत्तम. आतील वाहक व जाळी यांच्यामधील निरोधन-रोध मात्र अवश्य तपासावा. वर उल्लेखिलेला छुपा दोष, म्हणजे वाहकाचे सरकणे, तेथेच सापडण्याची शक्यता असते.

एक उपेक्षित धोका

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. बाजारात अल्प किमतीत मिळणाऱ्या अनेक नळ्यांवर 'कमी तापमान' असा उल्लेख असतो. त्यांतील झाळण बहुधा कथिल व बिस्मथ यांचे असते. ४२ टक्के कथिल व ५८ टक्के बिस्मथ हे मिश्रण १३८ अंशांस वितळते. गन नसली तरी लायटरवर काम होते, असे त्यांचे गुणगान केले जाते. कमी तापमानामुळे आवरणास इजा कमी होते हे खरे आहे. परंतु बिस्मथयुक्त झाळण तुलनेने ठिसूळ असते व धक्क्यास कमी टिकते.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. अनेक प्रयोगशाळांत तारेचे टोक सोलले की सवयीने त्यावर कथिल-शिशाच्या झाळणाचा थर दिला जातो. पुढे त्याच टोकावर बिस्मथची नळी वापरली तर सांध्यात कथिल, बिस्मथ व शिसे हे तिन्ही धातू एकत्र येतात, आणि या त्रिकुटाचे एक मिश्रण अवघ्या ९६ अंशांच्या सुमारास वितळते. म्हणजे पाणी उकळण्याच्या तापमानापूर्वीच सांध्यातील काही भाग द्रवरूप होऊ शकतो. वाहनाच्या इंजिनाजवळ किंवा तापणाऱ्या यंत्राच्या पेटीत असा सांधा नुसता अविश्वसनीय नव्हे, धोकादायक ठरतो. तो केला त्या दिवशी मात्र चकचकीत आणि निर्दोष दिसतो. त्यामुळे नळीतील झाळणाचा प्रकार न कळता ती विकत घेऊ नये, आणि बिस्मथची नळी वापरावयाची असल्यास टोकांवर शिसेयुक्त झाळण आधी देऊ नये.

शिशाचा प्रश्न दुसऱ्या अंगानेही येतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत्-उपकरणांतील शिसे व कॅडमियम यांवर निर्बंध लागू केले. भारतातही ई-कचऱ्याविषयीच्या नियमांत समांग पदार्थात शिशासाठी ०.१ टक्का व कॅडमियमसाठी ०.०१ टक्का अशी मर्यादा, काही अपवाद वगळता, घातली आहे. सुमारे १४५ अंशांस वितळणाऱ्या काही जुन्या नळ्यांच्या झाळणात कॅडमियम असे. असा जुना साठा विभागाच्या कपाटात असल्यास तो विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. शिसेविरहित झाळण २१७ अंश किंवा त्याहून अधिक तापमानास वितळते, त्यामुळे आवरणाची निवड अधिकच काटेकोर करावी लागते.

फ्लक्सविषयीही एक इशारा द्यावासा वाटतो. कल्हईवाला तांब्याचे भांडे स्वच्छ करण्यासाठी नवसागर वापरतो आणि त्याचे काम त्यामुळे उत्तम होते, कारण भांडे लगेच धुतले जाते. नवसागर किंवा झिंक क्लोराइड असलेला फ्लक्स विद्युत्-जोडणीत वापरल्यास तो जाळीत अडकून राहतो व तांबे खात जातो. नळीतील फ्लक्स राळेवर आधारित व सौम्य असतो. त्यात बाहेरून भर घालू नये. त्याचा धूर मात्र दम्याचा त्रास असलेल्यांस अपायकारक असतो. अतितप्त फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघू शकतात. म्हणून खेळती हवा आवश्यक आहे. ज्वालाग्राही द्रव जेथे उघडे असतात अशा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर गन सुरूच करू नये.

पद्धतीच्या मर्यादा

सोल्डर-स्लीव्हने केलेली जोडणी अखेर एक शेपटीच असते आणि प्रत्येक शेपटीस स्वप्रेरण असते. सरळ तारेचे स्वप्रेरण ढोबळमानाने दर सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरता येते. पाच सेंटिमीटरच्या शेपटीचे स्वप्रेरण ५० नॅनोहेन्री होईल. ५० हर्ट्झला तिचा अवरोध सुमारे १६ मायक्रोओहम, म्हणजे नगण्य. एफ.एम. रेडिओच्या १०० मेगाहर्ट्झला तोच अवरोध ३१ ओहम होतो. जाळीने गोळा केलेला प्रवाह मग जमिनीकडे सहजासहजी जात नाही आणि कवच नावापुरते उरते. अशा वारंवारतेस जाळी सर्व बाजूंनी, पूर्ण वर्तुळात, जोडकाच्या धातूच्या कवचास टेकविणे हाच मार्ग योग्य. हृदयालेख, तापमापक किंवा ध्वनिक्षेपक यांसाठी मात्र स्लीव्हची जोडणी पुरेशी, आणि सर्वसामान्य कारागिराच्या हातच्या आयर्नच्या जोडणीपेक्षा बव्हंशी सरस असते. शेपटी आखूड ठेवावी, एवढेच पथ्य.

दुसरी मर्यादा यांत्रिक आहे. झाळण जाळीत व तारेत जेथपर्यंत झिरपते तेथपर्यंत ती कडक होते. त्यापुढे ती लवचीक असते. कंपन असेल तर तार नेमकी या दोहोंच्या सीमेवर तुटते. बंदकड्या आणि आकसलेली नळी काही प्रमाणात आधार देतात, तरी सांध्यापासून थोड्या अंतरावर तार बांधून ठेवणे इष्ट. याच कारणास्तव काही ठिकाणी जाळीच्या आत व बाहेर धातूची वळी घालून ती दाबून बसविण्याची पद्धत पसंत केली जाते. तिच्यात उष्णता लागत नाही, परंतु तारेच्या मापास अचूक जुळणारी वळी व दाबयंत्र लागते आणि त्यांचा खर्च लहान प्रयोगशाळेस सहसा झेपत नाही.

विद्यार्थ्यांस हे तंत्र शिकविताना पहिल्या तासाला तीन नमुने मुद्दाम करून ठेवावेत : एक अपुरा तापलेला, एक योग्य व एक करपलेला. तिन्ही नळ्या नंतर पात्याने लांबीच्या दिशेने चिरून आतील जाळी भिंगाखाली दाखवावी. अपुऱ्या सांध्यातील कडी चिमट्याने ओढताच अखंड निघून येते, आणि मल्टिमीटरने तीच जोडणी काही क्षणांपूर्वी उत्तीर्ण केलेली असते.